‘स्टारबोर्ड’ शब्दाची व्युत्पत्ती

नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढील टोकाकडे, तोंड केले असता उजव्या हातास येणाऱ्या बाजूस इंग्रजीत ‘स्टारबोर्ड’ म्हणतात. ताऱ्याशी या शब्दाचा संबंध नाही. प्राचीन इंग्रजीतील ‘स्टेओरबोर्ड’ हे त्याचे मूळ रूप होय. ‘स्टेओर’ म्हणजे सुकाणू व ‘बोर्ड’ म्हणजे जहाजाची बाजू. त्या काळी सुकाणू म्हणजे उजव्या बाजूस मागे बांधलेले रुंद वल्हे असे. नॉर्वेत १८८० साली उत्खननात सापडलेल्या गोक्स्टाड नौकेवरून ही रचना स्पष्ट होते. सुकाणूधाऱ्याची पाठ डावीकडे येई, म्हणून ती बाजू ‘बेकबोर्ड’. नवव्या शतकाच्या अखेरीस ओहथेरे या नॉर्स दर्यावर्द्याने आल्फ्रेड राजास निवेदिलेल्या प्रवासवृत्तात हे दोन्ही शब्द आढळतात.

पुढे ‘बेकबोर्ड’ लुप्त होऊन इंग्रजीत ‘लारबोर्ड’ आला. परंतु वादळाच्या गर्जनेत हा शब्द व ‘स्टारबोर्ड’ यांत गफलत झाल्यास जहाजावर संकट ओढवण्याचा संभव असे. म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ साली ‘लारबोर्ड’ वर्ज्य करून ‘पोर्ट’ हा शब्द विहित केला. सुकाणूस धक्का पोहोचू नये यासाठी डावी बाजूच बंदरास लावीत, हे त्या नावाचे कारण मानले जाते. उजवीकडील ते वल्हे केव्हाच नाहीसे झाले. त्याचे स्थान मात्र शब्दाने जतन केले आहे.