पाऊल कुणी उचलायचं?

मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला चालवणाऱ्या रोबोटचा माग काढत गेलं, की आपण मांजरापाशी पोचतो. मज्जारज्जू मेंदूपासून तोडला आणि पायांकडून येणाऱ्या संवेदनाही बंद केल्या, तरी मांजराचे मागचे पाय आळीपाळीने हलू शकतात, हे थॉमस ग्रॅहम ब्राउन यांनी 1911 साली दाखवलं. पावलांची लय मज्जारज्जूतच वसते, हे तेव्हाच कळलं होतं. तिचा उपयोग करून घ्यायला मात्र पाऊण शतक लागलं. 1987 मध्ये माँट्रियलच्या बार्बो आणि रॉसिन्योल यांनी मज्जारज्जू तोडलेल्या मांजरांकडून ट्रेडमिलवर सराव करून घेतला आणि ती पुन्हा पावलं टाकू लागली.

माणसाचं इतकं सोपं नाही. मेंदूशी थोडं तरी नातं शिल्लक लागतं. अशा रुग्णांना हार्नेसने वर तोलून ट्रेडमिलवर उभं करण्याची पद्धत 1990 नंतर रुजली. अडचण पायांची होती. दोन्ही बाजूंना एकेक फिजिओथेरपिस्ट वाकून बसायचा. एक हात गुडघ्याशी, दुसरा घोट्याशी. पाऊल उचलायचं, पुढे आणायचं, टाच टेकवायची, गुडघा सरळ करायचा, की लगेच पुढचं पाऊल. रुग्णात दम शिल्लक असायचा, पण यांची कंबर भरून यायची आणि सराव थांबायचा.

या दुखऱ्या कमरांमुळेच रोबोट आला, असं मला वाटतं. झुरिचच्या बालग्रिस्ट रुग्णालयात गेरी कोलंबो आणि सहकाऱ्यांनी लोकोमॅट घडवलं आणि 2000 साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. मांडी-पोटरीला पट्टे, दोन्ही खुब्यांना आणि गुडघ्यांना एकेक मोटर. यंत्र न थकता, तंतोतंत पावलं टाकू लागलं.

पण त्या तंतोतंतपणातच खोट होती. मोटर सगळं करते म्हटल्यावर स्नायू कशाला राबतील? रुग्ण अंग सैल सोडून चालला, तर त्याचे कष्ट खूपच कमी होतात, हे 2006 मध्ये मोजमापांतून दिसलं. 2011 मधल्या मायामीच्या चाचणीत, विजेच्या स्पंदनांची मदत घेत साध्या जमिनीवर सराव करणाऱ्यांचं चालण्याचं अंतर रोबोटवाल्यांपेक्षा जास्त वाढलं. यंत्र टाकाऊ ठरलं नाही, पण त्याला माघार घ्यायला शिकवावं लागलं. आता फिजिओथेरपिस्ट मोटरची मदत हळूहळू उतरवतात. पाय अडखळला तरी घाई करत नाहीत, रुग्णाला स्वतः जोर लावू देतात.