दात पांढरे करताना सणक का जाते? ट्रीटमेंट कमी त्रासाची करणारं तंत्रज्ञान

निळा लाईट लावा आणि दात पांढरेशुभ्र करा, असं सांगणाऱ्या किटची जाहिरात इन्स्टावर तुम्हीही पाहिली असेल. "घेऊ का?" असं कुणी विचारलं की मी आधी एकच उलटा प्रश्न विचारतो: लहानपणी पाणी कुठलं प्यायलास?

बीड जिल्ह्यात हा प्रश्न महत्त्वाचा आहे. इथल्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. कायमचे दात हिरडीखाली तयार होत असताना यापेक्षा जास्त फ्लोराइड पोटात गेलं, तर दाताचं वरचं आवरण म्हणजे इनॅमल सच्छिद्र राहतं. त्यावर आधी पांढरे पट्टे दिसतात, पुढे ते पिवळे-तपकिरी होतात. याला फ्लोरोसिस म्हणतात. चहाचा किंवा तंबाखूचा डाग वरून बसलेला असतो, हा आतला असतो. घासून जात नाही. नुसतं ब्लीच केलं तर आजूबाजूचा दात उजळतो आणि पांढरे ठिपके कधी कधी उलट जास्त उठून दिसतात.

आता सणकेचं बघू. व्हाइटनिंग जेलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा कार्बामाइड पेरॉक्साइड असतं. १० टक्के कार्बामाइडमधून साधारण ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. त्याचे रेणू इतके लहान असतात की इनॅमल ओलांडून काही मिनिटांत दाताच्या नसेपर्यंत पोचतात. नस चिडते आणि गार पाणी प्यायलं की कळ येते. म्हणजे जेल जेवढं तीव्र, तेवढी सणक जास्त. निळ्या लाईटमुळे टिकाऊ फरक पडतो याला भक्कम पुरावा नाही. त्याच्या उष्णतेने त्रास मात्र वाढू शकतो. घरच्या किटमध्ये हिरडी झाकायची सोयही नसते. दवाखान्यात डॉक्टर हिरडीवर आधी एक रेझिन लावून लाईटने कडक करतात, म्हणजे जेल हिरडीला भाजत नाही. दोन आठवडे आधीपासून पोटॅशियम नायट्रेटची सेन्सिटिव्हिटी टूथपेस्ट वापरली तर बराच फरक पडतो. कमी तीव्रतेचं जेल, जास्त दिवस, हाच सौदा मला बरा वाटतो.

फ्लोरोसिसच्या डागांसाठी मायक्रोअ‍ॅब्रेजन असतं: आम्ल आणि बारीक पूड वापरून वरचा अगदी पातळ थर घासतात. याला बहुतेक वेळा इंजेक्शन लागत नाही. व्हिनिअरसाठी मात्र इनॅमल बऱ्याचदा तासावं लागतं, आणि तासलेलं इनॅमल परत येत नाही. कुणी पहिल्याच भेटीत व्हिनिअर सुचवलं तर आधी इतर उपाय विचारा. डाग कशाचा आहे हे नक्की होत नसेल तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे.

इंजेक्शनची भीती सगळ्यांनाच असते. खरं तर सुईपेक्षा औषध जोरात आत ढकललं जातं, त्याच्या दाबाने जास्त दुखतं. बधिर करणारं लिग्नोकेन १९४३ मध्ये स्वीडनमध्ये नील्स लोफग्रेन यांनी बनवलं, ते आजही चालतं. त्याचंच जेल आधी एक-दोन मिनिटं हिरडीवर ठेवलं तर सुईचं टोचणं कमी जाणवतं. १९९० च्या दशकाच्या शेवटी कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आलं, ते औषध थेंबाथेंबाने सोडतं. गावाकडच्या दवाखान्यात ते नसेल, हरकत नाही. हाताने सावकाश देणारा डॉक्टर जवळपास तेच काम करतो. "हळू द्या" एवढं आधी सांगायचं.

दातांचं माप घेताना पेस्टचा ट्रे तोंडात घातला की अनेकांना उलटीसारखं होतं. त्याऐवजी इंट्राओरल स्कॅनर भराभर फोटो काढून ते जोडतो, तुमच्या फोनच्या पॅनोरमासारखं, फक्त थ्रीडीमध्ये. स्कॅनर नसेल तर खुर्ची सरळ करायला सांगा, मान थोडी पुढे घ्या, नाकाने श्वास घ्या. पेस्ट दोन-चार मिनिटांत घट्ट होते.

ड्रिलच्या आवाजाला इयरबड्स चालतील का? नॉइज कॅन्सलिंग पंख्यासारखा एकसुरी, जाड आवाज छान कापतं. ड्रिलची बारीक किंकाळी तितकी नाही. तरी गाणी लावा, पण एकाच कानात, डॉक्टरचं ऐकू आलं पाहिजे. आणि डावा हात वर केला की थांबायचं, हे सुरुवातीलाच ठरवून घ्या. तोंड उघडं असताना बोलता येत नाही ना!

फरक बघायला सेल्फी काढत असाल तर ब्यूटी फिल्टर बंद ठेवा, त्याच खिडकीशी, त्याच वेळी काढा. ट्रीटमेंट झाल्या झाल्या काढलेला फोटो खरा धरू नका. तोंड उघडं राहून कोरडा पडलेला दात जास्त पांढरा दिसतो. पहिले दोन दिवस चहा, हळदीची भाजी, तंबाखू नको. सणक बहुतेकदा दोन-तीन दिवसांत जाते; आठवडाभर राहिली तर पुढचं जेल लावण्याआधी डॉक्टरला फोन करा.