तेन्नोजीचे चित्रधन

ओसाका शहराच्या दक्षिण अंगाला, राजपुत्र शोतोकूने इ. स. 593 मध्ये स्थापिलेल्या शितेन्नोजी मंदिरापासून फार दूर नसलेल्या तेन्नोजी उद्यानात या नगरीचे कलासंग्रहालय उभे आहे. त्याच्या पाठीशी चाउसुयामा नावाची वृक्षांनी वेढलेली लहानशी टेकडी आहे. 1614 च्या हिवाळ्यात ओसाकाच्या किल्ल्याला वेढा घालताना तोकुगावा इएयासूने येथेच गोट टाकला होता, आणि पुढल्या उन्हाळ्यात किल्ल्याच्या बाजूने लढणाऱ्या सानादा युकिमुराने याच टेकडीवर आपले निशाण रोवून अखेरची झुंज दिली. तीन शतकांनंतर मात्र या रणभूमीचा ताबा तांब्याच्या खाणींवर गबर झालेल्या सुमितोमो घराण्याकडे होता. या घराण्याने येथील आपली जमीन कलासंग्रहालयासाठी शहराला अर्पण केली, लगतचा ओगावा जिहेइने रचलेला केइताकुएन हा बगीचाही देऊन टाकला, आणि 1936 मध्ये संग्रहालयाचे दरवाजे लोकांना उघडले गेले.

वस्तुसंग्रहालय म्हटले की आपल्या मनापुढे एखाद्या संस्थानिकाचा जामदारखाना किंवा इंग्रजी अंमलातील एखाद्या गव्हर्नराची हौस उभी राहते. ओसाकाचे वैशिष्ट्य असे की येथील सर्वांत मोलाचा ठेवा, म्हणजे चिनी चित्रे व हस्तलेखन यांचा अबे संग्रह, हा एका सूतगिरणीवाल्याने जमविलेला आहे. 1868 मध्ये जन्मलेला अबे फुसाजिरो हा पुढे तोयो बोसेकी या बलाढ्य कंपनीचा अध्यक्ष झाला. या कंपनीचे एक मूळ म्हणजे उद्योजक शिबुसावा एइइचीच्या पुढाकाराने निघालेली आणि 1883 मध्ये 10,500 चात्यांवर सुरू झालेली ओसाकाची गिरणी. तेथे विजेचे दिवे लावून रात्रपाळी चालू करण्यात आली, आणि खेड्यापाड्यांतून आणलेल्या मुली त्या दिव्यांखाली पहाटेपर्यंत सूत कातीत राहिल्या. चित्रांच्या सौंदर्याविषयी बोलताना या मुलींचा उल्लेख गाळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

या गिरण्यांची भूक जपानी कापसाने भागण्याजोगी नव्हती, आणि येथेच आपल्या मुलखाचा या कथेशी संबंध येतो. खानदेश-वऱ्हाडचा आखूड धाग्याचा, पण स्वस्त कापूस सरकी काढून, गाठी बांधून मुंबईला येई व तेथून जपानकडे रवाना होई. तो लांब धाग्याच्या कापसात मिसळून उत्तम सूत काढण्याची हातोटी ओसाकाच्या कारागिरांनी साधली होती. मुंबईहून जपानला जाणारी वाहतूक पाश्चात्त्य आगबोट कंपन्यांच्या मुठीत होती. तेव्हा जमशेटजी टाटा व शिबुसावा यांच्यात बोलणी होऊन, निप्पॉन यूसेन कंपनीने 1893 मध्ये मुंबई व कोबे यांच्या दरम्यान स्वतःच्या बोटी सोडल्या. त्यावर प्रतिस्पर्ध्यांनी नोराचे भाव इतके पाडले की कोणत्याही लहान कंपनीचे दिवाळे निघाले असते. पण ओसाकाच्या गिरणीवाल्यांनी आपला माल देशी बोटींनाच देण्याचा करार पाळला. 1896 मध्ये जपान सरकारने कच्च्या कापसावरील आयात जकातही उठविली. अबेच्या तिजोरीतील धनात खामगाव-जळगावच्या शेतकऱ्याचा घाम किती, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. तो मुळीच नव्हता असे मात्र म्हणवत नाही.

हे धन चित्रांकडे वळले त्याला निमित्त झाले चीनमधील राज्यक्रांतीचे. 1912 मध्ये छिंग बादशहाने सिंहासन सोडले, मांचू सरदारांची वतने व मानमरातब गेले, आणि पिढ्यान्‌पिढ्या पेट्यांत जपलेली चित्रे बाजारात आली. अनेक दलाल ती जपानला आणू लागले, लुओ झेन्यूसारखा विद्वान क्योतोत आश्रयास येऊन राहिला, आणि क्योतो विद्यापीठातील पंडित नाइतो कोनान धनिकांना अस्सल-नकलेचा निवाडा देऊ लागला. अबेचा संग्रह याच वर्तुळात वाढला. 1937 मध्ये तो निवर्तला; पुढे महायुद्धाच्या काळात त्याच्या मुलाने 160 कलाकृतींचा हा ठेवा शहराच्या स्वाधीन केला.

त्यातील दोन चित्रांपुढे मी अधिक रेंगाळतो. गोंग खाईने रंगविलेला हाडकुळा घोडा मान खाली घालून उभा आहे, आणि त्याच्या कातडीखालच्या पंधरा बरगड्या मोजता येतात. झेंग सीश्यावने 1306 मध्ये काढलेल्या ऑर्किडच्या झुडपाला खाली मातीच नाही. मोगलांनी, म्हणजे चंगीझखानाच्या वंशजांनी, भूमीच हिरावून घेतली असता मुळे रुजावीत कशात, असा त्याचा अर्थ परंपरेने लाविला जातो. दोघेही नष्ट झालेल्या सुंग राज्याशी एकनिष्ठ राहिले. स्वराज्य गमावल्याच्या दुःखातून निर्माण झालेली ही चित्रे दुसरे राज्य कोसळताच परमुलखात विकली जावीत, हे काही अबेच्या सुसंस्कृतपणाचे प्रशस्तिपत्रक नव्हे. तथापि एक गोष्ट त्याच्या पदरात टाकलीच पाहिजे: त्याने ती तुकड्यातुकड्यांनी पांगू दिली नाहीत.

मराठी प्रवाशाने आणखी एका गुंडाळीची चौकशी करावी. झांग सेंगयोऊ या जुन्या चिनी चित्रकाराच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या या पटावर पाच ग्रह व अठ्ठावीस नक्षत्रदेवता होत्या. त्यांपैकी नक्षत्रे आता बाराच उरली आहेत. शनी त्यात कृश, सावळ्या तपस्व्याच्या रूपाने बैलावर बसलेला दिसतो, आणि बौद्ध ज्योतिषग्रंथांबरोबर आपल्याकडून चीनला गेलेल्या ग्रहकल्पनांची आठवण करून देतो. रेशमावरील रंग उजेडाने विटतात म्हणून अशी चित्रे थोडा काळच मांडून पुन्हा पेटीत जातात. दीर्घ दुरुस्तीनंतर 2025 मध्ये पुन्हा उघडलेल्या या इमारतीत शनिमहाराजांचे दर्शन हवे असेल, तर त्यांची पाळी केव्हा आहे हे निघण्यापूर्वीच विचारून घेणे बरे.