गाणाऱ्यांना बाकीची कामं माफ

तुम्ही चाकणहून अंधारातच निघता. साल 1921, दिवाळी नुकतीच होऊन गेलीय. तळेगाव चौक नावाचा प्रकार अजून जन्माला यायचाय, त्यामुळं कंटेनर नाही, हॉर्न नाही, ट्रॅफिकवाला नाही. तुमची कंपनी ज्या माळावर उभी राहणार आहे तिथं शाळू गुडघ्याएवढा झालाय. ओळखीचा दिसतो तो फक्त संग्रामदुर्गाचा बुरूज. फिरंगोजी नरसाळ्यानं 1660 मध्ये शाइस्तेखानाच्या फौजेपुढं हाच भुईकोट जवळजवळ दोन महिने लढवला. त्या दोन महिन्यांत बुरुजावर पाणी कोण चढवत होतं, भाकरी कोण थापत होतं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. आपण आज अशाच माणसांना भेटायला निघालोय.

पुण्याला निघालेल्या कांद्याच्या बैलगाडीवर जागा मिळते. मोशीपाशी इंद्रायणी लागते. डावीकडं आळंदी, उजवीकडं देहू. याच नदीकाठच्या तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं नारायण वामन टिळक सांगायचे. टिळकांना जाऊन दोन वर्षं झालीत. इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसवलेल्या गीतांच्या शेजारी त्यांनी अभंग-ओवीच्या वळणाची गीतं ठेवली आणि मराठी मंडळीच्या हातात टाळ आले. त्यांच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांचं, वाटेत भेटलेल्या पोरक्या पोरांचं कोण करत होतं, ते कळायला तुम्हाला अजून तेरा वर्षं थांबावं लागेल. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 ला यायचाय. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिलं म्हणून कळलं तरी. बहुतेकींनी लिहिलं नाही.

भोसरी, कासारवाडी, दापोडी. हॅरिस पुलावरून मुळा ओलांडून खडकी, आणि मग पुणे स्टेशन. दौंडच्या बाजूला जाणारी गाडी धरायची. हडपसर, लोणी, उरुळी, यवत. उतरायचं केडगावला. स्टेशनाबाहेर विचारायचीही गरज नाही. कुणीही हात करून दाखवतं: मुक्ती तिकडं.

पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीनं हाडाची काडं झालेल्या मुली, विधवा घेऊन आल्या. पुण्यात जागा पुरेना, प्लेगची धामधूम वेगळीच, म्हणून केडगावच्या या रखरखीत जमिनीवर बिऱ्हाड आलं. त्याचंच नाव मुक्ती. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या. एके काळी इथं दोन हजारांच्या आसपास माणसं होती. तेवढ्यांचं दळण, तेवढ्यांचं पाणी, तेवढ्यांची लुगडी. विहिरी खणल्या, शेती केली, हातमाग घातले, तेलाचा घाणा लावला. आणि छापखाना काढला. तुम्हाला तिथंच जायचंय.

दारातून आत गेलात की आधी वास येतो, शाईचा आणि रॉकेलचा. मग डोळे अंधाराला सरावतात. भिंतीला लागून तिरक्या लाकडी केसेस, त्यांत लहान लहान घरं, घराघरात शिशाचे खिळे. रोमन लिपीचं काम थोडक्या घरांत भागतं. आपल्याकडं काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि वर जोडाक्षरांचं लटांबर, त्यामुळं एकेका बाईच्या पुढ्यात शेकडो घरं. डाव्या हातात स्टिक, उजवा हात घरांवरून फिरतोय आणि डोळे मात्र समोरच्या हस्तलिखितावर. हाताला ‘क्ष’चं घर पाठ आहे. खिळा उलटा असतो, ओळ उलटी लागते. एक ओळ भरली की तिच्यात पातळ पट्ट्या घालून ती घट्ट करायची, नाहीतर फर्मा उचलताना सगळं भसकन खाली.

तुम्ही जिच्याजवळ थांबता ती तिशीची असेल. दुष्काळात आली तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती, नेमकं वय कुणालाच माहीत नाही.

“वाचायला येतं का तुम्हाला?” ती तुम्हालाच विचारते.

तुम्ही हो म्हणता. ती स्टिक पुढं करते. तुम्हाला एक अक्षर लागत नाही. ती तोंडाला पदर लावून हसते आणि बोट ठेवून वाचून दाखवते, उलट्या खिळ्यांवरून, सुलटं वाचावं तसं भराभर. 

काम चाललंय जुन्या कराराचं. इतिहासाचं पहिलं पुस्तक, नववा अध्याय. रविवारी हा अध्याय कुणी वाचायला घेत नाही, कारण त्यात नुसती नावं आहेत. पण नावं कुणाची आहेत ते बघा. यरुशलेमेच्या मंदिराचे द्वारपाल, मोजून 212. रात्री मंदिराभोवती मुक्काम करणारे आणि सकाळी दार उघडणारे. उपासनेची भांडी मोजून बाहेर काढणारे आणि मोजून आत ठेवणारे. पीठ, द्राक्षारस, तेल, ऊद यांच्यावर नेमलेले. आणि एकतिसाव्या वचनात शल्लूमचा थोरला मुलगा मत्तिथ्या, ज्याच्याकडं तव्यावर भाजायच्या पदार्थांचं खातं होतं. अडीच हजार वर्षं या भटारखान्यातल्या माणसाचं नाव टिकून राहिलंय. ते नाव आत्ता शिशात बसवणाऱ्या बाईचं नाव मात्र पुस्तकात कुठंही यायचं नाही. तिला त्याचं काही नाही. तिची कटकट वेगळीच आहे: मत्तिथ्यातला ‘त्ति’ झिजलाय, ठसा नीट उठत नाही.

पुढं तेहतिसावं वचन आहे. गाणाऱ्यांविषयी. ते रात्रंदिवस आपल्या कामात असत, म्हणून त्यांना बाकीची कामं माफ होती. ती हे वाचते आणि तुमच्याकडं बघते. “छान आहे की!”

मग खोलीत जरा हालचाल होते. रमाबाई आल्यात. पांढरं लुगडं, कापलेले केस, हातात प्रुफं. वय त्रेसष्ट, पण त्याहून थकलेल्या दिसतात. जुलैमध्ये मनोरमा गेली, एकुलती एक लेक, मुक्तीचा उजवा हात. बाईंना वर्षानुवर्षं कमी ऐकू येतं, त्यामुळं त्यांच्याशी बोलायचं तर जवळ जाऊन. त्या प्रुफावर खूण केलेली जागा दाखवतात. एक शब्द बदलायचाय, खेड्यातल्या बाईला कळणार नाही म्हणून. विद्वानांच्या संस्कृतप्रचुर भाषांतरावर त्यांचा मोठा राग. पंडिता ही पदवी ज्यांना कलकत्त्याच्या पंडितांनी दिली, त्या बाईचा हा राग आहे, हे लक्षात घ्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून, मुळाशी ताडून त्या एकहाती भाषांतर करतायत. आणि ज्या बायकांना कळावं म्हणून हा खटाटोप, त्याच बायका ते जुळवतायत. एखाद्या ओळीपाशी जुळवणारीच अडली, तर भाषांतराची परीक्षा तिथल्या तिथं झाली, असं मला आपलं वाटतं.

तुम्ही रात्री राहता. रविवारी सकाळी घंटा होते आणि सगळं आवार चर्चकडं चालू लागतं. चर्च केवढं मोठं! पायाचा दगड 1899 चा. बायका खाली ओळीनं बसतात, लहान मुली पुढं. बारतीमी सदनातल्या अंध बायका एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून येतात. आठवडाभर त्या टोपल्या विणतात, आणि ब्रेल शिकलेल्या बोटांनी शास्त्र वाचतात. प्रार्थना सुरू झाली की तुम्ही दचकता. एकानं करायची आणि बाकीच्यांनी ‘आमेन’ म्हणायचं अशी ती नाही. सगळ्याजणी एकदम, मोठ्यानं, आपापली. 1905 च्या जूनअखेरीस इथं जे आध्यात्मिक संजीवन आलं, तेव्हापासूनची ही रीत. प्रत्येकीचा आवाज वेगळा, आणि कुणाचाच निराळा काढता येत नाही. तुम्ही गुपचूप मागच्या दारानं बाहेर पडून स्वयंपाकघराशी जाता. तिथं चुलीपुढं तिघी-चौघी आहेत. भाकरी तव्यावर टाकता टाकता त्यांचेही ओठ हलतायत. आत जायची घाई त्यांना दिसत नाही. इथल्या आणि तिथल्या प्रार्थनेत फरक फक्त धुराचा आहे.

हे चित्र गोड आहे आणि म्हणून मला त्याची थोडी भीती वाटते. चुलीपाशीही भक्तीच होते, असं म्हटलं की चुलीपाशी असलेल्या बाईला तिथंच ठेवायला आपण मोकळे होतो. मुक्तीचं मोठेपण त्या चुलीत नाही. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलीच्या हातात रमाबाईंनी आधी अक्षर दिलं, मग धंदा दिला: माग, घाणा, खिळे. सेवा करणारीला सेवेतून काय मिळालं, याचा हिशेब तिथं होता.

आता थोडं पुढं सरका. एप्रिल 1922: रमाबाई जातात. शेवटची प्रुफं तपासून झाली होती, असं मुक्तीत सांगतात. 1924: संपूर्ण बायबल छापून बाहेर येतं. एका बाईनं मूळ भाषांतून केलेलं, बायकांनी जुळवलेलं, छापलेलं. आणि मग मंडळ्यांमध्ये ते फारसं चालत नाही. मुळाबरहुकूम राहायच्या हट्टापायी भाषा ठिकठिकाणी अवघडली, आणि लोकांच्या तोंडात बायबल सोसायटीचं भाषांतर आधीच बसलं होतं. आज तुमच्या घरात जे पवित्र शास्त्र आहे तेही सोसायटीचंच. झिजलेल्या ‘त्ति’ची चिंता करणारीची ओळ तुमच्या हातात कधी पडलीच नाही. एवढे कष्ट वाया गेले का? ती बाई उलटी ओळ सुलटी वाचायला शिकली, ते काही कुणी परत घेतलं नाही.

बरं, चला. परत चाकण, आणि या वेळी तुमचं खरं साल.

रविवार, सकाळचे आठ. आंबेठाण रस्त्याला हार्डवेअरच्या दुकानावरचा भाड्याचा हॉल. काल रात्री कुणाचातरी वाढदिवस झालाय. जमिनीवर चमकी, कोपऱ्यात फुटके फुगे, केकचं क्रीम फरशीला चिकटलेलं. तुम्ही तिसरी पाळी करून थेट आलायत, कारण किल्ली तुमच्याकडं असते. नगर, जालना, नांदेड, बीड, जिथून तिथून नोकरीसाठी आलेली मंडळी दहाला येईल. सगळ्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारीच पडते असं नाही, म्हणून हजेरी दर आठवड्याला वेगळी. झाडायचं, ओल्या फडक्यानं क्रीम खरवडायचं, खुर्च्या लावायच्या, पुढं लहान मुलांसाठी सतरंजी. मिक्सरची वायर हलली की शिट्टी मारते, तिला चिकटपट्टी लावायची. मिक्सरचं हे सगळं तुम्ही मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलात, मंडळीत कुणी शिकवलं नाही. एक ताई प्रभुभोजनाचे चिमुकले पेले घासतायत, मोजून टोपलीत ठेवतायत, नंतर पुन्हा मोजून डब्यात जातील. एवढी वर्षं त्या पेले घासतात, पण शास्त्रपाठ वाचायला त्यांचं नाव कधी निघालेलं नाही. पाळकसाहेब वाईट माणूस नाहीत. त्यांच्या डोक्यातच आलं नसेल.

उपासना होते. टिळकांचं एक गीत होतं, ढोलकी जरा पुढं पळते, कीबोर्डवाला तिला मागं खेचतो. तुम्ही शेवटच्या ओळीत, मिक्सरजवळ, उभे. उपदेश तुम्ही मन लावून ऐकता, पण एक कान सतत माइककडं असतो. त्यात कमीपणा काही नाही. कधी कधी मात्र खुर्चीवर बसून नुसतं ऐकावंसं वाटतं. ते वाटणं कुणाला बोलून दाखवायची सोय नाही, कारण लगेच कुणीतरी म्हणतं, “भाऊ, तुमची सेवा केवढी मोठी!”

एक वाजता हॉल सोडायचाय, दुपारी साखरपुडा आहे. जय ख्रिस्त, जय ख्रिस्त करत मंडळी जिना उतरते. गाणारी पोरं ढोलकीला खोळ घालून निघतात.

“खुर्च्या कोण उचलणार?” ताई विचारतात.

त्यातला एक हुशार आहे. बायबल क्विझमध्ये पहिला येतो. “ताई, शास्त्रातच लिहिलंय. पहिले इतिहास, नऊ, तेहतीस. गाणाऱ्यांना बाकीची कामं माफ.”

ताई हात पुसतात, पर्समधून बायबल काढतात आणि उभ्या उभ्याच ते पान शोधतात. वेळ लागतो, पण सापडतं. मग त्या मोठ्यानं वाचू लागतात. हॉलमध्ये या आवाजात त्यांना वाचताना कुणी ऐकलेलं नाही, जिन्यातली दोघं-तिघं परत वर येतात. तेहतिसावं वाचून झाल्यावर त्या बोट वर सरकवतात.

“इथं म्हटलंय, ते रात्रंदिवस त्याच कामाला असायचे. तू आठवड्यातून दीड तास असतोस, त्यातला अर्धा तास ढोलकी ताणण्यात. आता हे एकतिसावं बघ. हा मत्तिथ्या, घरातला थोरला मुलगा. त्याच्याकडं काय होतं? तवा. पुढच्या रविवारी पोहे तू करायचेस, साडेआठला ये. आणि त्या दिवशीचा पाठ मी वाचणार आहे, ते पाळकसाहेबांना सांग जाता जाता.”