न खोदलेला बोगदा

आजचा भाग आहे एका अशा यंत्राचा इतिहास, जे जर्मनीत बांधलं जाणार होतं आणि बांधलं गेलं नाही. त्यात पुण्याच्या एका बाईंचाही वाटा आहे.

हॅम्बर्गच्या वायव्येला, एल्म्सहोर्नच्याही पुढे, वेस्टरहोर्न नावाचं खेडं आहे. हॅम्बर्गच्या बारेनफेल्ड भागातून निघालेला ३३ किलोमीटरचा सरळसोट बोगदा या खेड्यापाशी येऊन संपणार होता. आपल्या भाषेत सांगायचं तर चर्चगेट ते बोरिवली, जवळपास तेवढं अंतर. दोन्ही टोकांकडून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन सोडायचे आणि मधोमध, एलरहोप गावाजवळ, त्यांची टक्कर घडवायची, असा बेत होता. योजनेचं नाव होतं टेस्ला.

ही योजना हवेतून आलेली नव्हती. बारेनफेल्डमधली डेझी ही संशोधन संस्था १८ डिसेंबर १९५९ रोजी स्थापन झाली. १९७८ साली तिथे पेट्रा हे २.३ किलोमीटर परिघाचं वर्तुळाकार यंत्र सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी त्यावर ग्लुऑनचा थेट पुरावा मिळाला. ग्लुऑन म्हणजे क्वार्कांना एकमेकांशी बांधून ठेवणारा कण. मग आलं हेरा. त्याचा ६.३ किलोमीटरचा बोगदा फोक्सपार्कच्या खालून जातो. १९९२ ते २००७ अशी पंधरा वर्षं तिथे इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन एकमेकांवर आदळत राहिले.

मग पुढचं यंत्र गोल न करता सरळ का करायचं? इलेक्ट्रॉन हलका असतो. त्याला वळवलं की तो प्रकाश फेकतो आणि ऊर्जा गमावतो. वेग वाढवावा तसा हा तोटा भराभर वाढत जातो. त्यावरचा एक उपाय म्हणजे वळणच काढून टाकणं. पण सरळ यंत्रात कणांचे पुंजके एकमेकांतून एकदाच जातात. गोल यंत्रासारखी फिरून दुसरी संधी नाही. त्यामुळे त्या एका भेटीत जास्तीत जास्त टकरी व्हाव्यात म्हणून पुंजका विलक्षण चपटा करावा लागतो. टेस्लाच्या आराखड्यात त्याची उंची होती सुमारे पाच नॅनोमीटर. केसाची जाडी याच्या हजारो पट असते.

इथे आपल्या गोष्टीत रोहिणी गोडबोले येतात. जन्म पुण्याचा, १९५२ सालचा. शिक्षण स. प. महाविद्यालयात, मग आयआयटी मुंबईत आणि डॉक्टरेट अमेरिकेत. परतल्यावर काही वर्षं टीआयएफआर आणि १९८२पासून मुंबई विद्यापीठात अध्यापन. मॅन्युएल ड्रीस हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ, पुढे बॉन विद्यापीठात प्राध्यापक झाले. या दोघांनी १९९१ साली मिळून एक शोधनिबंध लिहिला. विषय होता, अजून कुठेच उभ्या नसलेल्या यंत्रांमध्ये होणारा गोंगाट.

त्यांचा मुद्दा असा. इतके दाट पुंजके समोरासमोर आले की एकाच्या विद्युतक्षेत्रामुळे दुसऱ्यातले कण वाकतात आणि वाकले की प्रकाश फेकतात. म्हणजे वळण टाळायला सरळ बोगदा खणायचा आणि ऐन टकरीच्या क्षणी वळण पुन्हा समोर उभं! त्या प्रकाशकणांच्याही आपसात टकरी होतात. उच्च ऊर्जेचा प्रकाशकण अशा टकरीत क्वार्क आणि ग्लुऑन पोटात असल्यासारखा वागू शकतो. परिणामी हवी ती घटना घडो न घडो, डिटेक्टरमध्ये नको असलेल्या कणांचा सडा पडतो. काही आराखड्यांत हा उपद्रव गंभीर ठरेल, असा इशारा दोघांनी दिला. पुढे इतरांनी हे हिशेब नव्याने केले आणि काही अंदाज खाली आले. पण प्रश्न कायमचा टेबलावर आला. आजही या परिणामाला ड्रीस-गोडबोले परिणाम म्हणतात. सर्नच्या क्लिक या सरळ यंत्राच्या आराखड्यात, सर्वोच्च ऊर्जेला, पुंजक्यांच्या दर भेटीमागे अशा सरासरी तीनेक घटना धरूनच डिटेक्टर आखला आहे.

आता पुन्हा हॅम्बर्गकडे. टेस्लामागचा मुख्य माणूस होता ब्योर्न वीक, डेझीचे नॉर्वेजियन संचालक. १९९९च्या फेब्रुवारीत त्यांचं अचानक निधन झालं. सहकाऱ्यांनी काम थांबवलं नाही. मार्च २००१मध्ये संपूर्ण आराखडा जाहीर झाला. खर्च तीन अब्ज युरोंहून अधिक. आणि फेब्रुवारी २००३मध्ये केंद्रीय संशोधनमंत्री एडेलगार्ड बुलमान यांनी निर्णय सांगितला: त्याच तंत्रावरचं क्ष-किरण लेसर यंत्र युरोपातल्या भागीदारांबरोबर बांधायचं, कोलायडरसाठी मात्र जर्मनी तूर्त स्वतःची जागा पुढे करणार नाही. वेस्टरहोर्नची कुरणं होती तशी राहिली.

यात नुकसान झालं, हे मान्यच करायला हवं. २००७मध्ये हेरा बंद झाल्यापासून जर्मनीत उच्च ऊर्जेचा एकही कोलायडर चालू नाही. ज्यांनी तारुण्याची दहा-बारा वर्षं त्या आराखड्यावर घालवली, त्यांना त्यातली टक्कर पाहायला मिळाली नाही. मग ती वर्षं गेली कुठे?

त्यांतली काही जमिनीखालीच आहेत. टेस्लासाठी निओबियम धातूचे पोकळ कक्ष विकसित केले होते. उणे २७१ अंश सेल्सियसला त्यांचा विद्युतरोध जवळपास नाहीसा होतो. तसे साडेसातशेहून अधिक कक्ष आज युरोपियन एक्सफेल या ३.४ किलोमीटरच्या यंत्रात बसवलेले आहेत. बारेनफेल्ड ते शेनेफेल्ड असं हे यंत्र १ सप्टेंबर २०१७ रोजी खुलं झालं. त्याच्या क्ष-किरणांनी रेणूंच्या हालचाली टिपता येतात. २००४मध्ये नियोजित आंतरराष्ट्रीय सरळ कोलायडरसाठीही हेच तंत्र निवडलं गेलं. त्याच्या डिटेक्टरांचे प्रस्ताव तपासायला जी आंतरराष्ट्रीय सल्लागार समिती नेमली, तिच्यात रोहिणीताई होत्या. तो कोलायडर जपानमध्ये व्हावा असं ठरत होतं. त्यालाही अजून मंजुरी नाही.

उरलेली वर्षं डिटेक्टरांत गेली. भविष्यातल्या यंत्रात प्रत्येक कणाचा माग वेगळा ओळखता यावा, म्हणून ऊर्जा मोजणारा थर बारीक तुकड्यांचा हवा होता. कॅलिस नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाने डेझीच्या पुढाकाराने त्याचा नमुना बांधला: कण शिरला की चमकणाऱ्या प्लास्टिकच्या ७६०८ फरशा, मधल्या भागातल्या अवघ्या तीन सेंटीमीटरच्या, आणि प्रत्येकीला स्वतःचा चिमुकला सिलिकॉन प्रकाशग्राहक. २००६पासून कणांच्या झोतात ठेवून तो तपासला गेला. ही कल्पना आता सर्नमध्ये कामाला येते आहे. तिथल्या एलएचसीचा झोत आणखी तीव्र होणार आहे. मग पुंजक्यांच्या एकाच भेटीत १४० ते २०० टकरी एकमेकींवर चढतील. हा गुंता सोडवायला सीएमएस डिटेक्टरसाठी जो नवा बारीक थर तयार होतो आहे, त्यात फरशांचा भाग डेझीत जुळवला जातो. सिलिकॉनच्या भागाचं काम ज्या मोजक्या केंद्रांकडे आहे, त्यांत कुलाब्याची टीआयएफआर आहे. म्हणजे हॅम्बर्ग आणि मुंबई एकाच उपकरणात भेटतात, आणि त्या उपकरणामागची कल्पना न झालेल्या यंत्रासाठी सुचली होती.

रोहिणीताई १९९५नंतर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत होत्या. २०१९मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. ज्या सरळ यंत्राचे धोके त्यांनी तेहेतीस वर्षांपूर्वी मोजले, ते तोवर कुठेच उभं राहिलं नव्हतं. तरी त्यांचं गणित वापरात होतं आणि आहे. सर्नमध्ये आता ९१ किलोमीटरच्या वर्तुळाचा विचार चालला आहे. तो मंजूर झाला तरी आज शाळेत असलेली मुलंच तो चालवतील.

त्या मुलांसाठी शेवटी एक माहिती. सर्नची शाळकरी संघांसाठी एक स्पर्धा असते. मुलांनी स्वतः प्रयोग आखायचा आणि निवड झाली तर खऱ्या कणझोतावर करायचा. २०१९पासून असे विजेते संघ बारेनफेल्डलाही येऊन गेले आहेत. घरात कुणाला हा नाद असेल, तर हा भाग त्याला किंवा तिला जरूर ऐकवा.