दूरस्थ पियानोवादन व श्रुतिहार्मोनियम

दूरस्थ पियानोवादन : एका ठिकाणी वाजविलेल्या पियानोच्या पट्ट्यांची हालचाल संकेतरूपाने दूर पाठवून तेथील पियानोवर तेच वादन प्रत्यक्ष घडवून आणण्याची पद्धती. तीत ध्वनी पाठविला जात नाही. कोणती पट्टी केव्हा व किती वेगाने दाबली, केव्हा सोडली आणि पायाखालील पेडल कोणत्या स्थितीत होते, एवढीच माहिती पाठविली जाते. पियानोच्या बाबतीत ती पुरेशी ठरते, याचे कारण वाद्याच्या रचनेत आहे. पट्टी दाबताच हातोडी तारेकडे फेकली जाते आणि तारेवर आदळण्यापूर्वीच ती पट्टीपासून सुटते. त्यानंतर वादकाला त्या स्वराची उंची बदलता येत नाही. वादन असे पट्ट्यांच्या हिशेबात पुरते बसविता येते काय, हा प्रश्न भारतीय संगीताच्या संदर्भात विसाव्या शतकाच्या आरंभी सांगली परिसरात वेगळ्या रूपाने उपस्थित झाला होता. म्हणून या दोन्ही प्रयत्नांचा येथे एकत्र विचार केला आहे.

स्वयंवादी पियानो : बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने इटलीत सु. १७०० मध्ये पियानोची रचना केली. छिद्रे पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीवरून हवेच्या दाबाने पट्ट्या हलविणारे ‘पियानोला’ हे साधन अमेरिकेत एडविन व्होटी याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार केले. जर्मनीतील वेल्टे कंपनीने १९०४ मध्ये विशिष्ट वादकाच्या वादनातील जोर व कालभेदही पुन्हा उमटविणारी यंत्रणा पुढे आणली. देब्यूसी, पाडेरेव्हस्की, रखमानिनोव्ह यांचे वादन अशा निरनिराळ्या यंत्रणांच्या गुंडाळ्यांवर नोंदले गेले. रेडिओ व विद्युत् ध्वनिमुद्रण यांच्या प्रसारामुळे आणि १९२९ नंतरच्या आर्थिक मंदीमुळे हा उद्योग मागे पडला.

वाद्यांमधील संकेतांची देवाणघेवाण करणारी ‘मिडी’ ही प्रमाणपद्धती १९८३ मध्ये रूढ झाली आणि गुंडाळीची जागा अंकीय नोंदीने घेतली. यामाहा कंपनीच्या ‘डिस्क्लाव्हिअर’ पियानोत पट्ट्यांची हालचाल टिपण्याची व ती पुन्हा घडविण्याची अशा दोन्ही सोयी असतात. २००२ मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील एका स्पर्धेचे परीक्षण येफिम ब्रॉन्फमन यांनी जपानमधील हामामात्सु येथे बसून, तेथील पियानोवर उमटणारे स्पर्धकांचे वादन ऐकून केले. अशा जोडणीने शिक्षण देताना शिष्याच्या बोटांचा जोर शिक्षकासमोरच्या वाद्यात दिसतो व शिक्षकाने केलेली दुरुस्ती शिष्याच्या वाद्यावर उमटते. मात्र संकेतांना पोहोचण्यास लागणाऱ्या विलंबामुळे दोघांना एकाच वेळी लयीत वाजविणे कठीण जाते. म्हणून पाठ आळीपाळीने चालतो.

सांगली परिसरातील प्रयत्न : महाराष्ट्रात घरोघरी पोहोचलेले पट्ट्यांचे वाद्य पियानो नसून हार्मोनियम हे होय. पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ याने १८४२ मध्ये एकस्व घेतलेले हे वाद्य भारतात आल्यावर भजन, नाटक आणि संगीतशिक्षण या सर्वांत रुजले. परंतु त्यातील बारा स्वरांची जुळणी पाश्चात्त्य समविभाजनाची असल्यामुळे ती भारतीय स्वरांशी मेळ खात नाही, असा आक्षेप लवकरच घेतला गेला. षड्जाची कंपनसंख्या दर सेकंदास २४० मानल्यास तंबोऱ्याशी मिळणारा शुद्ध गंधार ३०० कंपनांचा येतो. समविभाजित पट्टीचा गंधार सु. ३०२·४ कंपनांचा असतो. तंबोऱ्याच्या साथीत बसलेल्या कानाला हा फरक जाणवतो.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी तारेच्या लांबीवरून स्वरांची प्रमाणे काढली व उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाशी ती ताडून पाहिली. बावीस श्रुतींविषयीचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलकी सेवेतील न्यायाधीश ई. क्लेमंट्स यांनी हे काम पुढे नेले. त्यांचा भारतीय संगीताचा परिचय करून देणारा ग्रंथ १९१३ मध्ये लंडनला निघाला. सप्तकात बावीस स्वर देणारे ‘श्रुतिहार्मोनियम’ लंडनच्या मूर कंपनीकडून तयार करविण्यात आले. गायकाच्या कंठातील स्वर सांगलीत मोजावा, त्याचे गणित लंडनला धाडावे व तेथून तो स्वर वाद्यात बद्ध होऊन परत यावा, असा हा उपक्रम होता. येथेही दूर गेला तो ध्वनी नव्हे, तर त्याचा हिशेब.

मार्च १९१६ मध्ये बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत हे वाद्य मांडण्यात आले. पण त्याला मान्यता मिळाली नाही. वि. ना. भातखंडे यांनी प्रचलित रागसंगीताची मांडणी बारा स्वरांच्या आधारे केली होती व श्रुतींची गणिती निश्चिती त्यांना ग्राह्य वाटत नव्हती. मूळ अडचण मात्र स्वरसंख्येची नव्हती. बाराऐवजी बावीस पट्ट्या केल्या, तरी दोन पट्ट्यांमधील अंतर उरतेच आणि मींड व आंदोलन ही त्या अंतरातच घडतात. पुढे १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ पासून अंशतः शिथिल झाली. याउलट पडदे नसलेले व्हायोलिन हे परकीय असूनही सहज स्वीकारले गेले. सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानच्या दरबाराशी संबंधित गायक अनंत मनोहर जोशी यांचे पुत्र गजाननराव जोशी (१९११–८७) हे गायनाइतकेच व्हायोलिनवादनासाठी मान्यता पावले.

मूल्यमापन : श्रुतिहार्मोनियम प्रचारात आले नाही, म्हणून देवल-क्लेमंट्स यांचे कार्य व्यर्थ ठरत नाही. कानाने ओळखला जाणारा फरक मापनाच्या कक्षेत आणण्याचा तो आधुनिक काळातील एक आरंभीचा प्रयत्न होता. त्यातून निर्माण झालेल्या वादामुळे नोंद व गायन यांतील भेदही स्पष्ट झाला. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी स्वरलिपीची पुस्तके काढून संगीतशिक्षण दूरवर नेले. तथापि पुस्तकावरून मींड शिकता येत नाही, ती गुरुमुखातूनच घ्यावी लागते. २०२० मध्ये जाहीर झालेल्या मिडीच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक स्वराची उंची स्वतंत्रपणे व सूक्ष्मपणे बदलण्याची सोय आहे. त्यामुळे सांगलीत उपस्थित झालेला प्रश्न तंत्रदृष्ट्या सोपा झाला आहे. तरीही पियानोचा पाठ पट्ट्यांच्या संकेतांवर चालू शकतो, तर ख्यालगायनाचा दूरस्थ पाठ आजही प्रत्यक्ष आवाज पाठवूनच द्यावा लागतो. हा भेद यंत्राच्या उणिवेचा नसून त्या त्या संगीतात स्वर कशास म्हणावयाचे, या कल्पनेचा आहे.