विजापूरची तंबाखू, सोलापूरची विडी

सोलापूरहून विजापूर सुमारे शंभर किलोमीटर. अकबराचा दूत असदबेग १६०४ च्या सुमारास तिथल्या आदिलशाही दरबारातून परतला, तेव्हा त्याने कधी न पाहिलेली तंबाखू आणि एक रत्नजडित हुक्का बादशहासाठी नेला. अकबराने दोन-चार झुरके घेतले. हकिमाने हरकत घेतली : आपल्या ग्रंथांत हिचा उल्लेख नाही, गुणदोष कोणी पारखलेले नाहीत. असदबेग म्हणाला, फिरंगी लोकांतही जाणकार आहेत. शिवाय प्रत्येक वस्तू कधीतरी नवीनच असते. बादशहाला हे पटले. हकीम मात्र हटला नाही.

वर्गात मांडावा असा हा वाद आहे. ग्रंथात नाही म्हणून त्याज्य, हे आपण मानणार नाही. पण जाणकार वापरतात म्हणून निर्धोक, हाही पुरावा नव्हे. आधी पारख करा, एवढे हकिमाचे म्हणणे पक्के होते. जहांगीराने १६१७ मध्ये घातलेली बंदी टिकली नाही. धूम्रपानामुळे होणारा कर्करोग दिसायला काही दशके जातात, त्यामुळे कार्यकारणसंबंध सहज ध्यानात येत नाही. १९५० मध्ये डॉल आणि हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतील फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण व इतर रुग्ण यांच्या सवयी ताडून पाहिल्या, तेव्हा कुठे भक्कम पुरावा हाती आला. मधे साडेतीन शतके गेली!

ई-सिगारेट आली तीही 'नवी, निरुपद्रवी' म्हणूनच. निकोटिन मात्र तेच, आणि वाढत्या वयातला मेंदू त्याच्या आहारी लवकर जातो. भारताने २०१९ मध्ये तिच्यावर कायद्याने बंदी घातली. २००३ च्या कायद्याने शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला मनाई आहेच.

सोलापुरात मात्र प्रश्न पानटपरीपाशी संपत नाही. स्वदेशीच्या काळात विडी सिगारेटला देशी पर्याय म्हणून फोफावली. इथे तिने तेलुगूभाषक पद्मशाली घरांतल्या बायकांच्या हाताला काम दिले. २००६ मध्ये कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, ती दहा हजार घरांची. तंबाखूचे दुष्परिणाम फळ्यावर लिहिताना समोरच्या बाकावर बसलेल्या मुलीची वही विडीच्या मजुरीतून आलेली असू शकते. तिला आईची लाज वाटेल असे आपण शिकवू नये. निकोटिन हाताच्या कातडीतूनही शरीरात जाते, तंबाखूची धूळ श्वासावाटे जाते. धडा इथून सुरू केला, तर ती मुलगी घरी जाऊन आईला काही सांगू शकेल.